कुणालाही सुचलं असतं

मी ते मॉडेल पाहिलेलं नव्हतं, एवढ्याच कारणासाठी सरांनी मला निवडलं. हे आधीच सांगून टाकते. नंतर वर्गात काही जणांना वाटलं की मी हुशार म्हणून ते काम मला मिळालं, आणि थोडे दिवस मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं होतं.

सांगलीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होते. ‘कमवा आणि शिका’ योजनेतून मला पेटंट विभागात काम मिळालं होतं. विभाग म्हणजे ग्रंथालयाच्या मागची एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट आणि हे सर. कॉलेजात कुणी काही नवीन बनवलं की त्याचा अर्ज पेटंट कार्यालयाकडे पाठवायचा आणि तिकडून काय उत्तर येतं ते बघायचं, असं ते काम. मी फायली लावायचे आणि ईमेलच्या प्रिंट काढायचे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. कोरेगावजवळच्या आमच्या गावी सुट्टीला गेले की आप्पा विचारायचे, "तिथं काम करतीस म्हंजे नेमकं काय करतीस?" मला नीट सांगता यायचं नाही. "लोकांना सुचलेलं जपून ठेवते," असं एकदा सांगितलं, तर म्हणाले, "मग ब्येस हाय की. आमचं बी ठिव थोडं."

एका दुपारी सरांनी कॉम्प्युटरवरून मान वर न काढताच विचारलं, "प्रदर्शनाला तू नव्हतीस ना?"

मी नव्हते. कॉलेजचं प्रदर्शन भरलं तेव्हा मी गावी घेवडा काढायला गेले होते. आता सर बोलणार, असं वाटून मी उगाच फायली सरळ करायला लागले.

"म्हणजे याचं मॉडेल तू पाहिलेलं नाहीस." खिडकीजवळ बसलेल्या मुलाकडे त्यांनी बोट केलं. "कुणाकडून ऐकलंयस त्याबद्दल?"

"नाही सर."

"झकास. आता ऐकूही नकोस."

खिडकीजवळचा मुलगा चौथ्या वर्षाचा होता. मी त्याला दादा म्हणायचे. विट्याकडचा. त्यांच्याकडची बरीच घरं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देण्याच्या. त्याच्या वडिलांचं दुकान तमिळनाडूतल्या एका गावात आहे. त्याचे चुलतभाऊ मिसरूड फुटायच्या आत तिकडे गेलेले. हा एकटा शिकायला मागे राहिला. सोन्याच्या काट्यावरचे आकडे दाखवण्यासाठी त्याने काचा वापरून काहीतरी बनवलं होतं. कॉलेजने प्रदर्शनाआधीच त्याचा अर्ज केला होता आणि आता पेटंट कार्यालयातल्या परीक्षकाचं पत्र आलं होतं. आठ पानांच्या पत्राचा अर्थ सरांनी एका वाक्यात सांगितला: तुम्ही बनवलेलं नवीन असेलही, पण ते सहज सुचण्याजोगं आहे.

पेटंटच्या कायद्यात नुसतं नवीन असून भागत नाही. त्या विषयातल्या जाणकार माणसाला ते सहज सुचलं नसतं, असंही दिसावं लागतं. हा जाणकार माणूस खरा नसतो, मानलेला असतो. त्याने आधीचं सगळं वाचलेलं असतं, हाताला कामाची सवय असते, दोन आणि दोन चार करता येतात. पण त्याला स्वतःचं असं वेगळं काही सुचत नाही. सरांनी हे सांगितलं तेव्हापासून तो माणूस माझ्या मनातून जाईना. वर्गात मी मागच्या बाकावर बसून सगळं उतरवून घेणारी. प्रश्न विचारायला हात वर करायचा म्हटलं तरी आधी मनात वाक्य दोनदा म्हणून बघायचे, तोवर शिकवणं पुढे गेलेलं असायचं. मला वाटायचं, हा माणूस म्हणजे मीच आहे, फक्त माझं वाचनही त्याच्याएवढं नाही.

"अडचण काय आहे," सर म्हणाले, "उत्तर एकदा पाहिलं की प्रत्येकाला वाटतं, त्यात काय, हे मलाही सुचलं असतं. प्रदर्शनात कॉलेजातल्या सगळ्यांनी ते पाहिलंय. मीही पाहिलंय. आता मी काहीही म्हटलं तरी ते पाहिल्यानंतरचं म्हणणं. तू पाहिलेलं नाहीस."

मग त्यांनी मला काम सांगितलं. परीक्षकाने आपल्या पत्रात आधीच्या दोन पेटंटचे दाखले दिले होते. ती दोन्ही मी वाचायची. दादाचा अर्ज मात्र उघडायचा नाही. सर फक्त प्रश्न सांगणार, आणि पुढच्या आठवड्यात मी काय सुचलं ते लिहून द्यायचं. दादाने त्या काळात माझ्याशी या विषयावर बोलायचं नाही.

प्रश्न असा होता. काट्यावर आकडे दाखवणारी एकच पट्टी आहे. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांना तीच पट्टी, तेच आकडे, सरळ वाचता आले पाहिजेत. दुसरी पट्टी लावायची नाही.

"आणि हिला सुचलं तर?" दादाने विचारलं.

"तर परीक्षकाचं बरोबर आहे असं मी धरीन. मग उत्तर देत बसण्यात अर्थ नाही, अर्ज सोडून देऊ. नाही सुचलं तर लढू."

दादा हसला, पण नुसता तोंडाने.

खाली जिन्यात त्याने मला गाठलं. विषयावर बोलणार नाही असं आधी सांगून टाकलं आणि मग म्हणाला, "बाबांनी सांगितलंय, पेटंट टिकलं तर आणखी दोन वर्षं तुझी. शिक, मशीन बनव, काय करायचं ते कर. न्हाई टिकलं तर परीक्षा झाली की गाडीत बसायचं अन् दुकानात यायचं."

"मग मी काय करू?"

"काय न्हाई. तुला नुसतं ठावं असावं म्हणून सांगितलं."

ठाऊक झाल्यावर मला नीट झोप लागेना.

दोन्ही पेटंट इंग्रजीत होती. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. पहिलं मोटारीचं होतं. गाडी चालवणाऱ्याला वेग बघायला मान खाली घालायला लागू नये, म्हणून आकड्यांची पट्टी स्टिअरिंगच्या पुढे आडवी, आकाशाकडे तोंड करून ठेवलेली. तिच्यावर तिरकी काच. पट्टीचा उजेड वर जातो, काचेवर आपटून ड्रायव्हरच्या डोळ्यात येतो, आणि त्याला आकडे समोर हवेत तरंगल्यासारखे दिसतात. सगळा उजेड काही परत येत नाही, थोडा काचेतून आरपार जातो. तो इकडेतिकडे चमकू नये म्हणून वर काळं अस्तर लावून जिरवलेला. दुसरं पेटंट दुकानातल्या बिलाच्या मशीनचं. त्यात सरळ दोन पट्ट्या, एक दुकानदाराकडे आणि एक गिऱ्हाइकाकडे, वायरीने जोडलेल्या.

दोन्ही वाचल्यावर एक गोष्ट मला लगेच दिसली. मोटारवाला जो उजेड फुकट घालवतो, तोच समोरच्या माणसाकडे वळवायचा. काळं अस्तर काढायचं आणि तिथे आरसा लावायचा. हे सुचल्यावर माझं मला बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी दादाचा तो हसण्याचा प्रयत्न आठवला.

हॉस्टेलवर मी ते करून पाहिलं. आकडे लिहिलेला फोटो मोबाइलमध्ये उलटा करून घेतला, कारण काचेत तो उलटा होऊन सरळ दिसणार. मोबाइल टेबलावर आडवा ठेवला. वर फोटोफ्रेमची काच तिरकी धरली, तिला गाडीच्या खिडकीला लावतात त्या काळ्या फिल्मचा तुकडा चिकटवला होता. त्याच्याही वर केस विंचरायचा आरसा. माझी रूममेट जतची. तिला समोर बसवलं.

मला १६९ दिसत होते, इंग्रजी आकड्यात, स्वच्छ.

"तुला किती दिसतायत?"

तिने मान वाकडी केली. "सहाशे एक्याण्णव."

"नीट बघ."

"नीटच बघतीय. माझं सोनं वाढलं की गं. असला काटा असंल तर मी रोज येते तुझ्या दुकानात."

टेबलावर कागद ठेवून समोरासमोर बसलं की एकाला सरळ दिसतो तो दुसऱ्याला उलटा, तसंच ते झालं होतं. माझा सहा तिच्याकडे जाऊन नऊ होत होता आणि आकडे शेवटाकडून सुरू होत होते. मी मोबाइल फिरवला, तर तिला बरोबर आणि मला उलटं. मी आणखी एक आरसा घातला. आता तिच्याकडे आकडे पायावर उभे राहिले, पण डावीकडचं उजवीकडे गेलं. एक दुरुस्त करावं तर दुसरं बिघडत होतं. रूममेट रोज जेवणानंतर थोडा वेळ समोर बसायची, मग म्हणायची, "दुसरा मोबाइल ठेव ना माझ्याकडं. मिटलं." दुसरी पट्टी लावायची नाही, हे तिला मी रोज सांगायचे.

दादा मेसमध्ये भेटायचा. सरांनी बोलायला मनाई केलेली, म्हणून तो नुसता चौकशी करायचा.

"काय मॅडम, तब्येत कशी हाय?"

"बरी आहे."

"डोकं बिकं दुखत न्हाई ना?"

"नाही."

"न्हाई, दुखलं तर सांग. लय चालवू नगं. ह्या वयात चांगलं नसतं."

त्याचे मित्र हसायचे. मीही हसायचे. ताट घेऊन तो पुढे गेला की मला कळायचं, माझ्या चेहऱ्यावरून तो काहीतरी वाचून गेला.

त्या आठवड्यात मला स्वतःचंच काही समजेना. मला सुचावं असं वाटत होतं, फार वाटत होतं. दहावीपासून सगळे म्हणत आले, पोरगी अभ्यासाला चांगली. अभ्यासाला, म्हणजे पाठ करायला. खरं डोकं आहे का, हे कुणी बघितलेलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. इथे एक प्रश्न होता ज्याचं उत्तर कुठल्या गाइडमध्ये नव्हतं. पण मला ते सुचलं की एका मुलाची दोन वर्षं जाणार. न सुचलं तर तो वाचणार, आणि मी सर्वसाधारण आहे असं कागदावर लिहून देणार. मी आरसे हलवत बसायचे आणि मधेच थांबायचे. मी खरंच प्रयत्न करतेय की प्रयत्न केल्यासारखं करतेय, ते मला ठरवता येत नव्हतं.

शनिवारी मी पॅसेंजरने कोरेगावला उतरले आणि घरी गेले. आरसे, काच काही नेलं नाही. दोन दिवस डोक्याला सुट्टी, असं ठरवलं होतं.

आमच्या घरात मधल्या खोलीत टीव्ही आहे आणि त्याच्या समोरच्या भिंतीला काचेच्या दाराचं शोकेस. त्यात भावाच्या कबड्डीच्या ढाली आणि पाहुण्यांसाठीच्या कपबश्या. संध्याकाळी आई भाकरी करायला बसली की शोकेसचं एक दार अर्धं उघडं ठेवते. चुलीपुढून टीव्ही दिसत नाही, पण त्या दाराच्या काचेत दिसतो. अशीच ती मालिका बघते. मला आठवतंय तेव्हापासून ते दार संध्याकाळी उघडं असतं. त्यामागे काही कारण आहे, हेसुद्धा माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी कपबशी काढायला गेले आणि सवयीने दार ढकललं.

"आगं, दार लावू नगं, माझी मालिका हाय."

मी दार पुन्हा अर्धं उघडलं. तिला दिसतंय का बघायला तिच्या शेजारी पाटावर जाऊन बसले. काचेत मालिका चालू होती. खाली जाहिरातीची पट्टी सरकत होती, उलटी, डावीकडून उजवीकडे.

"अक्षरं उलटी दिसतात की गं तुला."

"मला कुठं वाचायची हायती? माणसं सरळ हायती न्हवं?"

माणसं सरळ होती. डोकं वर, पाय खाली. मी काचेकडे बघत राहिले. माझ्या टेबलावर आरसा वाढवला की आकडे आडवे-उभे, उलटेसुलटे व्हायचे, आणि इथे नुसती डावी-उजवी बदलली होती, जी मोबाइलमध्ये फोटो उलटा करून मी आधीच सोडवली होती. मग मला दिसलं. टीव्ही उभा असतो. माझा मोबाइल मी पहिल्या दिवसापासून आडवा ठेवत होते, कारण मोटारवाल्याने पट्टी आडवी ठेवली होती.

मी उठले. आकड्यांचा फोटो लावून मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला, तोंड भिंतीकडे, कुणाकडेच नाही. मोबाइलच्या समोर शोकेसचं दार येईल असा तो सरकवला. दाराच्या पलीकडे आप्पांचा दाढीचा आरसा दुसऱ्या अंगाला तिरका उभा केला. घरातला दिवा घालवला, तशी आई ओरडली. आप्पांना पलीकडच्या दारात उभं केलं.

"आप्पा, आरशात किती दिसतंय?"

"काय किती?"

"आकडे. वाचा की."

"एक, सहा, नऊ."

मी अलीकडून काचेत बघितलं. एक, सहा, नऊ.

"काय बक्षीस लागलं का?" आप्पांनी विचारलं.

मी आकडे बदलले, पुन्हा वाचायला लावले. पुन्हा तेच. आई पिठाचा हात तसाच घेऊन दारात आली, तेव्हा तिलाही वाचायला लावलं. मला आनंद झाला होता. असं मला आधी कधी झालं नव्हतं. परीक्षेत पहिली आले तेव्हासुद्धा नाही. पोरीला काहीतरी मिळालंय हे दोघांना कळलं, काय ते कळलं नाही. आईने माझ्या ताटात भाकरीवर जास्तीचं लोणी घातलं.

जेवताना मला दादा आठवला आणि दुसरी भाकरी मी नको म्हटली.

रविवारभर मी स्वतःशी भांडत होते. दादाचं उत्तर हेच असेल असं कुठे आहे? त्याचं वेगळं असेल. पण आत कुठेतरी मला माहीत होतं की हेच आहे, इतकं ते साधं होतं. नाही सुचलं, असं लिहून दिलं तर कुणाला कळणार? आप्पांना आणि आईला, आणि त्यांना यातलं काही समजलेलं नाही. दादाचं भलं होईल. पण मग आयुष्यात पहिल्यांदा मला जे सुचलं ते मला सुचलंच नाही, असं मीच लिहून द्यायचं. मला ते जमेना. यात दादाचा विचार किती आणि माझा किती, ते आजही मला सांगता येणार नाही.

सोमवारी मी लिहून दिलं. काय काय केलं, काय चुकलं, घरी काय झालं, सगळं. आईची मालिकासुद्धा.

सरांनी वाचलं. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग दादाला बोलावून घेतलं आणि माझे कागद त्याच्या पुढ्यात ठेवले. तो उभ्यानेच वाचत होता. शेवटच्या पानावर त्याने माझी आकृती बघितली.

"हेच हाय," तो म्हणाला. सरांकडे बघून म्हणाला, माझ्याकडे नाही. "डिट्टो हेच हाय. दार न्हाई म्हटलं मी, काच म्हटलंय, येवढाच फरक."

मी त्याच्याकडे खुर्ची सरकवली.

"आईची मालिका," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. "मला हे सुचायला सात महिने लागले आन् हिच्या आईला भाकरी करताना..."

"आईला नाही सुचलेलं," मी म्हणाले. "आई नुसती टीव्ही बघते."

"त्येच ते."

सरांनी ठरल्याप्रमाणे अर्ज सोडून द्यायला हवा होता. ते तसं म्हणालेही. पण त्याआधी एकदा पुण्याच्या पेटंट वकीलबाईंशी बोलतो, असं म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला. आम्ही तिघे एका कॅमेऱ्यापुढे दाटीवाटीने बसलो. बाईंनी माझं लिखाण आधीच वाचलं होतं.

"तुम्हाला विचारते," त्या मला म्हणाल्या. मला अहोजाहो करणाऱ्या त्या पहिल्याच. "पट्टी आडवी का ठेवलीत सुरुवातीला?"

"मोटारीच्या पेटंटमध्ये आडवी होती म्हणून."

"आणि उभी करावी असं त्या पेटंटमध्ये कुठे वाचलंत?"

"नाही. ते घरी..."

"हो, कळलं मला. शोकेस." त्या थोड्या हसल्या. "आता मला सांगा, दुसरी पट्टी लावायची नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सरांनी."

"सर, तुम्हाला?"

"याच्या अर्जात आहे ते."

"म्हणजे प्रश्नसुद्धा या मुलालाच सुचलेला आहे. दोन्ही जुने कागद बघा. मोटारीत दुसरा माणूस नकोच आहे, त्याने उरलेला उजेड काळ्या अस्तरात जिरवून टाकलाय. बिलाच्या मशीनवाल्याने सरळ दोन पट्ट्या लावल्यात, त्याला अडचणच नाही. एकाच पट्टीने दोघांचं काम झालं पाहिजे, असं या दोघांपैकी कुणीच म्हटलेलं नाही. तुम्ही या मुलीला प्रश्न दिलात तेव्हाच निम्मं उत्तर दिलंत."

सर हळूच म्हणाले, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"आणि एवढं देऊनही यांनी पहिल्यांदा चुकीचंच केलं," बाई म्हणाल्या. "जुना कागद जिकडे नेतो तिकडे गेल्या. ते आपल्या उपयोगाचं आहे. पण एक सांगते, परीक्षक ऐकेलच असं मी म्हणणार नाही. तो म्हणेल, पट्टी उभी करणं ही काय मोठी गोष्ट. अर्जात तुम्ही आपलं म्हणून जे मागितलंय, तो पहिलाच दावा फार पसरलेला आहे. ‘काचेतून दोन बाजूंना आकडे दाखवणं’, असं काहीही. तो टिकणार नाही. ती काटछाट मी करते."

"मग उरलं काय?" दादाने विचारलं.

"उभी पट्टी, अर्ध्या उघड्या दारासारखी तिरकी उभी काच, तिच्यामागे आरसा, आणि त्यातून दोघांना जाणारा एकच आकडा. एवढंच."

दादाने मान हलवली. त्याला कमी वाटत होतं की पुष्कळ, ते मला कळलं नाही.

कॉल संपल्यावर तो जिन्यात थांबला होता. मला वाटलं आता बोलेल, आणि ते योग्यच असेल.

"लिवलं न्हाईस तरी चाललं असतं की," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मला पहिल्यांदाच काहीतरी सुचलं होतं," मी म्हणाले.

त्याने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. मग म्हणाला, "व्हय. तसंच असतं ते."

काटछाट करून बाईंनी उत्तर पाठवलं. पेटंट कार्यालयाची सुनावणी झाली तेव्हा दादाची शेवटची परीक्षा झालेली होती आणि तो विट्याहून मुद्दाम आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. तीही व्हिडिओवरच झाली, त्याच खोलीत. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी कपाटाशेजारी बसले होते. बाईंनी सगळं मांडलं. पलीकडच्या अधिकाऱ्यांनी शेवटी दादालाच हिंदीत विचारलं, ग्राहकासाठी दुसरा डिस्प्ले का नाही लावला, तो तर स्वस्त पडतो.

दादा आधी इंग्रजीत बोलायला गेला, अडकला, मग हिंदीत बोलला. वडिलांच्या दुकानात तसा काटा होता, तो म्हणाला, मागच्या बाजूला दुसरी पट्टी असलेला. गिऱ्हाईक आपल्या बाजूचा आकडा बघायचं, तरी उठून आत यायचं आणि वडिलांच्या बाजूचा बघून जायचं. रोजचंच. तिकडे आम्ही परगावचे, भाषाही वेगळी. पट्ट्या दोन असल्या की आकडेही दोन असू शकतात, असं त्यांना वाटतं. वडील कुणाला काही बोलत नाहीत, नुसते बाजूला सरकून जागा देतात. म्हणून मला एकच पट्टी हवी होती.

बाईंनी हे कधी लिहिलं नव्हतं. त्याने ते आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी काहीतरी टिपून घेतलं आणि सुनावणी संपली.

मग नुसती वाट बघणं. दादा तोवर दुकानात गेला, ‘निकाल लागेपर्यंत’ असं म्हणत. मी चौथ्या वर्षाला गेले. रोज सकाळी खोली उघडली की पहिल्यांदा ईमेल बघायचे. येणारं प्रत्येक पत्र घाईने उघडायचे आणि ते दुसऱ्याच कुणाच्या पंपाचं किंवा पेरणीयंत्राचं निघायचं. ते माझं पेटंट नव्हतं, हे मी स्वतःला सांगायचे, तरी घाई काही कमी व्हायची नाही.

एक दिवस ते आलं. सर यायचे होते. मी प्रिंट न काढता स्क्रीनवरच वाचलं, दोनदा. काटछाट केलेल्या दाव्यांसह मंजूर. खिडकीशी जाऊन मी दादाला फोन लावला.

"झालं," मी म्हणाले. "मंजूर."

पलीकडून आधी दुकानातला आवाजच आला, कुणीतरी तमिळमध्ये भाव विचारत होतं. मग तो म्हणाला, "खरं सांगतीस?"

"समोर आहे माझ्या."

"थांब." त्याने फोन न ठेवताच वडिलांना सांगितलं. ते काय बोलले ऐकू आलं नाही. "बाबा म्हणतायत, मग आधी हितं लाव एक," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आन् दोन वर्षं दिली म्हणाले. शब्द हाय त्यांचा."

"छान झालं, दादा."

"तुला वाईट वाटलं का गं? तुलाबी सुचलं हुतं."

"नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "थोडं."

तो हसला नाही. "वाटणारच," म्हणाला. आणि मग, "ठेवतो, गिऱ्हाईक उठून आत यायला लागलंय."